पूजेला बसलेली हत्यारं

गिरगाव, विजयादशमी
रविवार, १४ ऑक्टोबर १९५६

चि. सुनंदा,

अक्षर ओळखलंस ना? दोन वर्षांत ते बदललेलं नाही, माणूसही फारसा बदललेला नाही. पाकीट न फोडताच तू चुलीत घालणार नाहीस असं धरून चालतो. आज सकाळी नलूआत्यानं आपट्याची पानं देवापुढे ठेवली आणि म्हणाली, "एक जुडी सुनंदाच्या नावाची आहे. ती कोण पाठवणार?" माझी बहीण मला कधी थेट काही सांगत नाही. देवाला सांगते, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगते. तेव्हा दोन पानं सोबत पाठवली आहेत. तुझी आई असती तर ती दोन दसऱ्यांपूर्वीच पोचली असती.

तुझं लग्न मला पसंत नव्हतं आणि आज सणाचा दिवस म्हणून खोटं लिहिणार नाही. आपल्या घराण्यानं ठाकूरद्वारात राहून पिढ्यान् पिढ्या कचेऱ्यांत लेखण्या झिजवल्या, आणि मुलीनं रजिस्टर लग्न केलं ते कोणाशी, तर माझ्याच मिलमधल्या फिटरच्या मुलाशी. शिवा सज्जन आहे, देवगडात मास्तर आहे, मुलं त्याला मानतात, सगळं कबूल. पण त्या आठवड्यात मी खात्यातून फिरलो तेव्हा एवढ्या खडखडाटातही मला लोकांचं हसू ऐकू येत होतं. माझे कान तिखट आहेत, त्याला मी काय करू?

लिहायला बसलो ते मात्र आनंदानं. काल खंडेनवमी होती. आमच्याकडे फिटिंग खात्यात पाने, हातोड्या, छिन्न्या सगळी हत्यारं लाल कापडावर मांडतात, झेंडूच्या माळा घालतात. सोमवारी सकाळी दहाला भटजी उत्तरपूजा करून गेले की मगच त्यांना हात लावायचा, ही मिल सुरू झाल्यापासूनची रीत. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली असताना मी ही पूजा पंधरा वर्षं दारातून पाहिली. काल बूट काढून आत गेलो आणि आरतीचं तबक हातात घेतलं. जानेवारीत गोळ्या चालल्यापासून परळात मॅनेजर दिसला की लोक तोंड फिरवतात. 'वेलकर नावाचाच मराठी' असं गेटसमोरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं मी आठ महिने रोज वाचत आत जातो. त्यामुळे काल मी अंमळ जास्तच मोठ्यानं आरती म्हटली.

आरती संपल्यावर तुझे सासरे माझ्या कानाशी आले. दत्ताराम मेस्त्री चारचौघांत साहेबाशी कधी बोलायचे नाहीत, हळूच म्हणाले, "साहेब, रीलिंगच्या शाफ्टचो दुसरो ब्रॅकेट वाजताहा. बोल्ट सैल झालेत. पूजेतलो एक पानो होयो. देवीच्या पायां पडान उचलतंय, ती काय रागवाची नाय."

रीलिंग म्हणजे सुताच्या लडी करायचं खातं आणि शाफ्ट म्हणजे तिथला छताखालून जाणारा तो लांब लोखंडी दांडा, लहानपणी तू मिलमध्ये आलीस तेव्हा ज्याला घाबरली होतीस. ब्रॅकेटांनी तो तुळयांना धरून ठेवलेला असतो आणि त्याच्यावरच्या पट्ट्यांनी खालची यंत्रं फिरतात. मी दोनशे माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मेस्त्री, पूजेतलं हत्यार उचलायचं नाही. देवीपुढे कोणी साहेब नाही आणि कोणाचं काम मोठं नाही." मागून कोणीतरी जय म्हटलं. सुनंदा, पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावानं कोणी जय म्हटलं नव्हतं. त्याच भरात मी प्रसादाचा द्रोण पुढे केला आणि म्हणालो, "घ्या, व्याही." पहिल्यांदाच. मेस्त्रींनी द्रोण दोन्ही हातांनी घेतला. ब्रॅकेटचं काय, सोमवारी दहानंतर सगळ्यात आधी तोच.

आणखी एक बातमी, अजून कोणाला सांगायची नाही. नोव्हेंबरपासून शेठ मला उत्पादनाचा डायरेक्टर करणार आहेत. परळमध्ये या खुर्चीवर बसणारा मी पहिला मराठी माणूस असेन, निदान मी तरी दुसरा ऐकलेला नाही. दिवाळीला दोघं आलात तर नलूआत्या फराळाला शिंगड्या करणार आहे. मी आग्रह करत नाही, तिचा निरोप देतो.

तुझे बाबा


परळ, मिलची कचेरी
मंगळवार, १६ ऑक्टोबर

चि. सुनंदा,

परवाचं पत्र काल सकाळी कामावर येता येता टपालात टाकलं. सणाच्या भरात त्यात मी बरंच वायफळ लिहिलं आहे. ते पोचलं की मला परत पाठव. परत पाठवणं जमत नसेल तर चुलीत घाल. मोठ्या जागेवर जाणाऱ्या माणसानं कागदावर सांभाळून बोलावं, हे मला कालपासून पटलं आहे.

काल मिलमध्ये अपघात झाला. वर्तमानपत्रात येईलच, म्हणून आधी माझ्याकडून कळावं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी रीलिंग खात्यात शाफ्टवरची एक पुली खाली आली. मीराबाई नावाची बाई त्या जागेवर बसून सुताच्या लडी करत होती. ती जागीच गेली, इस्पितळात न्यायचीही गरज पडली नाही. बारा बायका त्या खात्यात बसतात. मला त्यांतल्या एकीचंही नाव ठाऊक नव्हतं, आता एकीचं झालं.

तुझे सासरे सुखरूप आहेत. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं आहे. शाफ्ट त्यांच्या देखरेखीखाली होता, तेव्हा तसा नियमच आहे. त्यात माझं काही नाही.

पत्राचं विसरू नकोस.

बाबा


गिरगाव
बुधवार, २४ ऑक्टोबर

चि. सुनंदा,

तुझं उत्तर नाही. देवगडला टपाल उशिरा जातं हे मला माहीत आहे, तरी रोज पोस्टमनच्या वेळेला मी गॅलरीत असतो. नलूआत्या म्हणते, "पोस्टमनचा जीव कशाला घेतोस, त्याच्या हातात काय आहे?"

आज चौकशी झाली. फॅक्टरी इन्स्पेक्टर स्वतः आले होते. मी एकही वाक्य खोटं बोललो नाही, हे तुला मुद्दाम कळवतो. त्यांनी विचारलं, "ब्रॅकेट सैल असल्याचं फिटरनं लेखी कळवलं होतं का?" मी म्हटलं, नाही. नव्हतंच कळवलं. "तोंडी?" मी म्हटलं, पूजेच्या गर्दीत कोण काय म्हणालं हे नेमकं सांगता यायचं नाही. गर्दी होती की नव्हती? मग दोन साक्षीदार आले. त्यांनी सांगितलं की मेस्त्री पूजेतलं हत्यार उचलायला निघाले होते आणि साहेबांनी त्यांना थांबवलं. कशासाठी उचलत होते हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. इन्स्पेक्टरनी वहीत लिहिलं की फिटर खासगी कामासाठी हत्यार उचलत होता.

शेवटी तुझ्या सासऱ्यांना उभं केलं. काळी टोपी, धुतलेला सदरा. "ब्रॅकेटबद्दल साहेबांना सांगितलं होतं?" मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. एक हात सदऱ्याच्या खिशावर होता, तो तसाच राहिला. म्हणाले, "याद नाय." तीनदा विचारलं, तीनदा तेच. मग त्यांनी कागदावर सही केली. सही नीट वळणदार करतात, शिवाचं अक्षर बहुतेक त्यांच्यावर गेलं असावं.

तेव्हा हयगय त्यांची ठरली आहे. कामावरून काढलं आहेच, आता कागद पोलिसांकडे जातील आणि खटला होईल. शिक्षा किती होईल ते मला सांगता येत नाही. मी वकिलाची सोय करीन, माझं नाव कुठे येऊ न देता. आणि हेही लिहितो, कारण दुसरं कोणी तुला सांगायचं नाही: मेस्त्रींचं काम गेल्यावर घर चालावं म्हणून शेवंतीबाईंनी मिलमध्ये अर्ज केला. एरवी बदलीवरच्या बाया वर्षवर्ष गेटवर तिष्ठतात. मी एका दिवसात विहीणबाईंना रीलिंगमध्ये जागा दिली. परवा सोमवारपासून येताहेत.

माझ्या डायरेक्टर होण्याचा कागद तयार आहे, तारीख एक नोव्हेंबर. त्याच दिवशी ते महाद्विभाषिक राज्यही सुरू होतंय. लोक दोघांनाही शिव्या घालतील.

चोराच्या मनात चांदणं म्हणशील, म्हण. पण ते पत्र पाठव.

बाबा


गिरगाव
शनिवार, २७ ऑक्टोबर

सुनंदा,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. तीन ओळींचं. 'दसऱ्याचं पत्र माझ्याकडे नाही. तुम्ही मामंजींना व्याही म्हणालात हे वाचून मला रडू आलं. ते पत्र मी त्याच दिवशी लालबागला त्यांच्याकडे पाठवलं, त्यांनीही वाचावं म्हणून.'

मी ते कार्ड गॅलरीत उभ्यानं वाचलं. नंतर हिशेब केला. तुझं पाकीट चौकशीच्या दोन दिवस आधी तरी लालबागला पोचलेलं असणार. म्हणजे मेस्त्रींच्या खिशात माझं पत्र होतं. ब्रॅकेट सैल आहे हे मला सांगितलं होतं, पाना मागितला होता, मी दिला नाही, सगळं माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. आणि त्या खिशावर हात ठेवून तो माणूस तीनदा 'याद नाय' म्हणाला.

काल संध्याकाळी ते आपल्या घरी आले. हातात नारळ. दोन वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, मी ओलांडू दिला नव्हता. नलूआत्यानं पाट मांडला, चहा केला. त्यांनी पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. जे बोलले ते तसंच लिहितो, कारण माझ्या शब्दांत लिहिलं तर मी ते सावरून घेईन.

"ह्या तुमचा पत्र. सूनबायन धाडल्यान. दोनदा वाचलंय. त्यात माका व्याही म्हटलात, ता बरा वाटला. पण माझ्या घरात ठेवूचा नाय. कोणाच्या हाताक लागात तर तुमका त्रास."

मी विचारलं, "चौकशीत खिशात होतं ना? मग दाखवलं का नाही?"

"सूनबायच्या बापाशीचा नाव कसा घेव? उद्या ती माझ्या घरात मान वर करून कशी बसात?" मग चहाची बशी खाली ठेवली. "माझा काय व्हयत ता होवंदे. पण एक मागतंय. तिसरो ब्रॅकेट बघा. दुसरो तुटलो तेव्हा सगळो भार त्येच्यावर इलो. आता थंय मी नाय, आयकणारो कोण नाय. माझी मंडळी त्येच्याच खाली बसता."

मी म्हटलं, बघतो.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी दसऱ्याच्या पत्रात नव्हती आणि चौकशीतही नव्हती. खंडेनवमीला मी पाना नाही म्हटल्यावर मेस्त्री प्रसाद घेऊन गेले नाहीत. पुन्हा कानाशी आले. म्हणाले, "मग सोमवारी धा वाजेपर्यंत रीलिंग बंद ठेवा." हत्यारं दहाला मोकळी होणार, तोवर शाफ्ट फिरवू नका, एवढंच. तीन तासांचा प्रश्न होता. तेव्हाही मी 'बघतो' म्हटलं होतं. हरताळांमुळे माल अडला होता, शेठ रोज आकडा विचारत होते, आणि डायरेक्टर होऊ घातलेला माणूस सणानंतरच्या पहिल्याच पाळीला खातं बंद ठेवतो हे मला दिसायला नको होतं. सोमवारी सात वाजता शाफ्ट सुरू झाला तेव्हा मी कचेरीत होतो. आठवण झाली नाही असं नाही. झाली. घड्याळाकडे पाहिलं आणि आता तीनच तास, असं म्हणालो. म्हणजे देवीचं नाव मी पान्यासाठी घेतलं आणि शाफ्टसाठी विसरलो.

तिसऱ्या ब्रॅकेटचं म्हणशील तर अडचण अशी आहे. तो पाहायचा म्हणजे सगळा शाफ्ट उतरवावा लागतो, एक पूर्ण दिवस जातो. दुसरा ब्रॅकेट बदलला तेव्हा एवढ्यासाठीच बाकीच्यांना हात लावला नाही. खातं बंद केलं की बंदच्या वहीत कारण लिहावं लागतं. 'ब्रॅकेट सैल' लिहिलं की इन्स्पेक्टर विचारणार, तुम्हाला हे कोणी सांगितलं, आणि पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं? मग एका फिटरची हयगय ही गोष्ट उभी राहत नाही. म्हणून मी ठरवलं आहे की दिवाळीत मिल बंद असताना, गाजावाजा न करता, ते काम करून घ्यायचं. मोजून सहा दिवस उरलेत.

पत्र माझ्यापुढे आहे. काडी दोनदा ओढली. दुसऱ्या वेळी नलूआत्या दारात उभी होती. काही बोलली नाही, देवालासुद्धा.

बाबा


परळ
मंगळवार, ३० ऑक्टोबर

सुनंदा,

आज मला शहाणपण सुचलं. म्हटलं, सगळं खातं हलवता येत नाही, निदान विहीणबाईंना तरी हलवावं. घडीखात्यात बसून कापडाच्या घड्या मोजायचं काम आहे, डोक्यावर काही फिरत नाही. सकाळी चिठ्ठी पाठवली की शेवंती दत्ताराम हिला उद्यापासून घडीखात्यात घ्यावं. मला हलकं वाटलं. दुपारचा डबाही पोटभर खाल्ला.

तीन वाजता त्या कचेरीत आल्या. शिपाई अडवत होता, त्याच्या हाताखालून आत आल्या. डोक्यावर पदर, केसांत सुताचे तंतू. मी "बसा" म्हटलं, त्या बसल्या नाहीत.

"माका हलवलात?"

मी म्हटलं, "तिथे काम हलकं आहे, विहीणबाई. या वयात तुम्हाला—"

"माका हलवलात म्हंजे तुमका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्येंनी घरी सांगितल्यानी तेव्हा मी म्हटलंय, साहेबांका कळला नसात. मोठे लोक, वर बसतत. आता चिठ्ठी बघितलंय आणि समाजला." चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. "माझ्या बाजूक जाईबाय बसता. तिका पाचवो म्हयनो. ती खंय जायत? बाकीच्यो धा जणी खंय जातल्यो?"

मी म्हटलं, "दिवाळीत करून घेतो. तीन दिवस."

"मगे मी थंयच बसतंय तीन दिवस," असं म्हणून त्या गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. अंगण ओलांडून सरळ रीलिंगमध्ये शिरल्या.

उंटावरून शेळ्या हाकणं हा माझा धंदा, सुनंदा, आणि मी तो मन लावून केला. मुंबईतल्या माझ्या वयाच्या माणसांत सूत, साचे, वाफ, माणसं यांची गणितं माझ्याइतकी कोणाला येत नाहीत, हे मी आजही म्हणेन. तुझी आई म्हणायची की हा माणूस घरी जेवतो आणि मिलमध्ये राहतो. पण सबंध खात्यात एका बाईला वाचवावंसं मला वाटलं, ते ती माझ्या मुलीची सासू म्हणून. आणि तिला ते दोन मिनिटांत कळलं. मला फार लाज वाटली. असं मी तुला यापूर्वी कधी लिहिलेलं नाही.

तरीही आज मी खातं बंद केलेलं नाही. हेही लिहितो. परवा डायरेक्टर होणार आहे, निदान परवापर्यंत थांबावं, असं मन म्हणतं. एकदा खुर्चीवर बसलो की माझ्या शब्दाला वजन येईल, मग थांबवीन. मनाचं बोलणं मला पटतं आहे आणि याचीच मला भीती वाटते.

बाबा


परळ, रीलिंग खातं
गुरुवार, १ नोव्हेंबर, दुपार

चि. सुनंदा,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, मांडीवर कागद ठेवून लिहितो आहे.

सकाळी दारावर नवी पाटी लागली. 'अ. वि. वेलकर, डायरेक्टर, उत्पादन'. नव्या राज्याचा पहिला दिवस म्हणून शेठनी गेटवर पताका लावल्या आहेत आणि कामगार काळ्या फिती लावून त्यांच्याखालून आत आले. साडेदहाला मी खाली उतरलो. एक लाकडी दांडकं घेतलं, शिडी लावायला सांगितली आणि वर चढलो. दांडक्याचं एक टोक ब्रॅकेटला आणि दुसरं कानाला, ही मेस्त्रींची पद्धत. मी तिला नेहमी हसायचो. मला वाटायचं, माझे कान खालूनच पुरेत.

ऐकलं. फार वेळ ऐकावं लागलं नाही.

खाली आलो आणि शाफ्ट बंद करायला सांगितला. पट्टे थांबले. बारा बायकांनी माना वर केल्या. बंदची वही मागवली. कारणाच्या रकान्यात आधी 'तपासणी' असं लिहिलं. खरं सांगतो, हाताला तेच वळण आहे. मग ते खोडलं आणि लिहिलं: 'दुसरा ब्रॅकेट सैल असल्याचं दत्ताराम फिटर यांनी १३ ऑक्टोबरला मला तोंडी सांगितलं. पाना मागितला, मी दिला नाही. सोमवारी दहापर्यंत खातं बंद ठेवा म्हणाले, मी ठेवलं नाही. तिसरा ब्रॅकेट आज त्याच अवस्थेत आहे.' खाली सही, हुद्द्यासकट. माझा मदतनीस हेरंब आहे ना, त्याच्याबरोबर त्या पानाची नक्कल आणि दसऱ्याचं पत्र इन्स्पेक्टरकडे पाठवलं. पत्र वाचून तो म्हणाला, "साहेब, नक्की नेऊ?" मी म्हटलं, "पळ. माझं मन बदलायच्या आत पळ."

साडेबाराला शेठचा फोन आला. हेरंबचं त्यांना अजून ठाऊक नाही. त्यांना एवढंच कळलं की आज, गेटवर पताका असताना, एक खातं बंद आहे. बाहेर लोक म्हणतील मराठी डायरेक्टरनं पहिल्याच दिवशी हरताळ केला, असं म्हणाले. तीनच्या भोंग्याला शाफ्ट सुरू झाला पाहिजे, ब्रॅकेटचं रविवारी बघू. मी म्हटलं, "मी बंद ठेवलं आहे, आणि मी डायरेक्टर आहे." ते शांतपणे म्हणाले, "सकाळपर्यंत होतात." मग त्यांनी फोन ठेवला आणि स्वतःचा माणूस पाठवला. तो आता पलीकडे मोटरघरात बसला आहे. खटका तिथेच आहे. या खात्यातून तो दिसत नाही आणि त्यालाही हे खातं दिसत नाही.

बायकांना मी बाहेर अंगणात बसवलं आहे. जाईबाई सगळ्यांत शेवटी उठली. विहीणबाई मात्र बाहेर गेल्या नाहीत, दाराच्या उंबऱ्यापाशी बसून आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देणार. मघाशी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही जा आता." त्या म्हणाल्या, "तुमी खंय बसलात?"

मी मीराबाईच्या जागेवर बसलो आहे. लाकडी बाकडं आहे, मधून बसून बसून खोलगट झालेलं. तिसरा ब्रॅकेट इथून सरळ डोक्यावर येतो. मला दुसरा उपाय सुचला नाही. ज्याच्या शब्दाला वजन उरलेलं नाही त्यानं निदान आपलं अंग तरी मध्ये घालावं.

मेस्त्रींवरचा खटला उठेल असं निघताना हेरंब म्हणाला. माझ्यावर होईल, आणि व्हायला पाहिजे. मुंबईला आलीस तर आधी लालबागला जा, सासऱ्यांच्या पाया पड. गिरगावात नंतर आलीस तरी चालेल, नाही आलीस तरी मी रागावणार नाही. नलूआत्याला मात्र भेट. आणि मी दोन वर्षं तुला लिहिलं नाही त्यात तुझा काही दोष नव्हता.

तीन वाजायला सात मिनिटं आहेत. खाली माणूस बसला आहे असा निरोप मी मोटरघरात दोनदा पाठवला आहे. माणूस बसलेला ठाऊक असताना कोणी शाफ्ट सुरू करणार नाही, असं मी स्वतःला सांगतो आहे. पण त्या सोमवारी मला ठाऊक होतं, खाली बारा जणी बसल्या होत्या, आणि मी करू दिला होता.

तुझे
बाबा